टायरमधले खडे

वारज्याच्या पुलाखाली, सर्व्हिस रोडला
निवृत्ती भोंडवे टायर उताणं घालतो
आणि स्क्रूड्रायव्हरनं एकेक खडा उकरतो,
दातात अडकलेली सुपारी काढावी तसा,
बिनघाईनं.

खडा फेकत नाही. लोणच्याच्या बरणीत टाकतो. टण्ण.

"हा कर्नाटक. निपाणीपुढचा, धार आहे बघा अजून.
हा तांबडा गोव्याचा, बोटाला रंग देऊन जातो.
मध्य प्रदेशाचे आता बारीक येतात,
पूर्वी तिकडनं आलेल्या गाडीचे पाटेच मोडलेले असायचे,
खडे कोण बघतंय!
गुजरातचा सहसा सापडत नाही.
सापडला की समजायचं, गडी हायवे सोडून
आत कुठंतरी सासुरवाडीला गेलता."

मीही काही कमी नव्हतो.
अकरा दिवस, एकतीसशे किलोमीटर,
आणि डॅशबोर्डवर वही :
टोल, खड्डे, गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांचे आणि बिनपट्ट्यांचे,
रात्री समोरचा दिवा खाली करतो की नाही.
तेलंगणाला आठ. कर्नाटकाला साडेसहा,
बायकोच्या मते सात, कारण चहा चांगला होता.
महाराष्ट्राला पाच,
अधिक दोन ग्रेसचे, घरचा म्हणून.

वही त्यानं नुसती हातावर तोलली.
"गाडी वाजायला कुठं लागली?"

मी आठवू लागलो.
हैदराबादला नाही. सोलापूरला नाही.
इंदापूरला उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत होतो, तेव्हाही नाही.
खरं सांगायचं तर
आमच्या गल्लीच्या तोंडाशी,
जिथं रस्त्यावर रस्ता चढत गेला
आणि ड्रेनेजचं झाकण तेवढं जुन्याच उंचीवर राहिलं,
चार बोटं खाली.

तो हसला नाही.
दुकानासमोरच्या खड्ड्याकडे पान्यानं बोट केलं :
"हा दिवाळीपासून आहे.
रोज दोन पंक्चर, एक अलाइनमेंट.
माझ्याकडेच कामाला आहे म्हणा ना,
पगार घेत नाही."

मग नट आवळता आवळता, माझ्याकडे न बघता :
"मागल्या गुरुवारी मेसचे डबे पोचवणारी बाई पडली यात.
छबूताई. सात डबे उघडले.
आमटी बघा, अशी पार पंपापर्यंत गेली.
कोपर फुटलं होतं, आणि ती पोळ्या मोजत होती."

त्या रात्री शटर ओढल्यावर
त्यानं बरणी खड्ड्यात उलटी केली.
कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश,
अठरा वर्षांचा माल.
लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवला,
वर अर्धं पोतं भिजलेलं सिमेंट.

"सकाळी पहिला पाण्याचा टँकर आला.
मग पीएमटी.
अकरापर्यंत सगळी राज्यं रस्त्याच्या कडेला.
गोवा तर गटारातच."

रिकामी बरणी स्टुलावर होती. आतून खारट डाग.

"वाईट एकाच खड्याचं वाटलं.
नामक्कलचा एक ड्रायव्हर यायचा, सेल्वम नावाचा.
आधी टायरवर पाणी मारायचा, मग माझ्या हातात द्यायचा.
त्याच्या गाडीतला तेवढा एकच निघाला होता,
काळा, मधून पांढरी रेघ.
नंतर तो आलाच नाही."

माझं मागचं डावं चाक
त्यानं मांडीवर घेतलं, उकरलं, थांबला.
खडा थुंकी लावून पुसला.
काळा. मधून रेघ.

"तमिळनाडूत गेलता?"

नव्हतो गेलो. हैदराबादहूनच मागं फिरलो.
फक्त काल संध्याकाळी
याच सर्व्हिस रोडनं घरी गेलो होतो.

तो काही बोलला नाही.
नळाखाली खडा धरला, दोनदा उलटा केला,
बरणीत टाकला.
टण्ण.

"साडेचारशे झाले. खड्याचे नाहीत.
निघताना डावीकडून घ्या,
तो आहे तिथंच आहे."